प्रीमियरसाहेबांना झेंडूचा हार

आठवलं तरी माझं डोकं तापतं, म्हणून सांगूनच टाकते. अमेरिकेत नेपरव्हिलच्या आमच्या मराठी मंडळात महिला दिनाला मी बोलणार होते. विषय माझ्या थीसिसमधलाच: शंभरेक वर्षांपूर्वीचा कॅनडातल्या एका प्रांताचा प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री. सुधारक माणूस. त्याच्या सरकारनं बायकांना मताचा हक्क दिला. पण आपल्या भारतीय लोकांना, बाई असो की पुरुष, तिथे मतदानाची बंदी होती, आणि ती त्यानं तशीच ठेवली.

हॉलमध्ये पोचले तर स्टेजवर त्याचा फोटो, फोटोला झेंडूचा हार, समोर समई!

"काका, हे काय?"

"सुधारक म्हणालीस ना? मग हार नको?" मंडळाचे अध्यक्ष काका म्हणाले. "आणि ती बंदीची स्लाइड डिलीट केलीय हं. आनंदाचा दिवस, उगाच निगेटिव्ह कशाला?"

एरवी माइक किंचाळला तरी दचकणारी मी. पण त्या दिवशी इतकी चिडले होते की स्लाइडशिवाय सगळं तोंडी सांगितलं.

काका पहिल्या रांगेतून उठले. "अगं, त्या काळी तसंच असायचं."

माझे आजोबा शाळेत वर्गाबाहेर बसायचे, त्याबद्दलही लोक मला हेच ऐकवतात. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांच्या शेजारी बसलेल्या काकूंनी काकांची बाही ओढली.

"थांबा हो. मला सांग गं, मी तिथे असते तर मला मत देता आलं असतं?"

"नाही, काकू."

काकू नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही माझ्या हातून त्याला हार घालून घेतलात?"