आडनावाचा रकाना

आडनावांचा विषय निघालाच आहे तर ऐका. आमच्या रोह्याच्या कंपनीत वेबसाइटचं लॉगिन कामगारांच्या डिरेक्टरीला जोडायचं काम माझ्याकडे आलं. डिरेक्टरीत ज्याचं नाव, त्यालाच सर्व्हर आत घेणार. पॅकिंगला हिराताई आहेत, जिते गावाहून येतात. त्यांचा आडनावाचा रकाना रिकामा निघाला.

मी विचारलं, "माहेरचं टाकू की सासरचं?"

"बापानं देऊन टाकलं, नवऱ्यानं हाकलून दिलं. दोघांचं पण नको."

"रिकामं चालत नाय ताई. सिस्टीम घेतच नाय."

"मग तिथं पण हिराच टाक."

टाकलं.

यादी बघून मॅनेजर माझ्यावर खवळले. "हिरा हिरा? असं कुठे आडनाव असतं? नवऱ्याचं लाव."

हिराताई तिथंच होत्या. त्यांनी मॅनेजरसमोर पासवर्ड टाकला. स्क्रीनवर आलं: स्वागत, हिरा हिरा.

"बघा सायेब," त्या म्हणाल्या, "मशीन माझं दोनदा नाव घेतंय. नवऱ्यानं बारा वर्षांच्या संसारात एकदा घेतलं नाय. मी त्याचं कशाला लावू?"