डोळे शेवटी

नाय, पण चूक माझी कशी? तुम्हीच सांगा! वीस वर्षं पेणात गणपतीच्या कारखान्यात डोळे आखतेय, आमच्यात नियमच हाय, सगळं रंगकाम आधी, डोळे शेवटी! आता माझ्या पोरीचा, दिशाचा, साखरपुडा ठरला, तर तिला आमंत्रणाची कार्डं घरीच करायची हौस. इंटरनेटवरनं नवरा-नवरीचं चित्र घेतलं, नुसत्या रेघा, घरच्या प्रिंटरवर छापायचं नि आपण रंगवायचं. बघते तर डोळे आधीच काढलेले, मेल्या बोंबलासारखे! म्हटलं, पूस आधी ते. डोळे मी काढीन... शेवटी!

पुसले तिनं. चाळीस छापली. ओला ब्रश लावला मात्र, शाई पसरली, नवरीला ही झुपकेदार मिशी! फेकली सगळी. परत छापली, दिवसभर वाळवली, रंगवली, आणि मी जरा आंघोळीला गेले तर आमच्या ह्यांनी पाकिटात भरून रोह्याजवळ वरसे गावात नेऊन व्याह्यांच्या हातात दिली! बिनडोळ्यांची!

लगेच विहीणबाईंचा, हौसाबाईंचा फोन. "आमचा रितेश आंधळा हाय का?" बिनडोळ्यांची मूर्ती कुणी पुजतं का म्हणे, अपशकुन म्हणे, साखरपुडाच नको म्हणे. पोरगी रडून रडून लाल. शेवटी तिला घेतलं, ब्रश घेतला, वरसेला जाऊन त्यांच्या ओटीवर बसले. अख्खी आळी बघायला! पहिल्या नवरीला ब्रश टेकवते तोच विहीण म्हणते, "नजर खाली काढा हां. वर बघणारी सून आमच्यात चालत नाय."

अहो, देवानं पण मला कधी सांगितलं नाय, कुठं बघू ते! रितेश बाजूलाच बसलेला, म्हटलं आता हा काय तरी बोलेल... मोबाईलमधनं मान वर नाय! काढल्या मग. चाळीसच्या चाळीस नवऱ्या जमिनीकडं बघणाऱ्या. नवऱ्याचे डोळे काढायला घेतले तर दिशा हळूच म्हणते, "आई, त्याचे राहू दे. त्याला नायतरी कुठं काय दिसतंय."

तरी काढले मी त्याचे. आता मोडायचं कसं, गावभर झालेलं! आणि हे स्थळ पसंत कुणी केलं होतं म्हणता? तिनं नाय, ह्यांनी नाय. मी! देवाला डोळे देणारीनं! बोलणी केली, हॉल घेतला, साडी घेतली... नि पोराकडं नीट बघितलं कधी?

शेवटी!