रुमालाची खळ

रक्त तपासायला उपाशीपोटी येऊन ताटकळलेल्या शिंप्याने पेपर तोंडासमोर धरला होता. कान मात्र शेजारच्या आजी-आजोबांकडे लागले होते.

"अहो, नातीने शाळेतून ते आयोडीन आणलं आणि माझ्या स्वयंपाकघराची पार प्रयोगशाळा करून टाकली."

"शिकतेय पोर. ज्यात पिष्ट असतं ते काळंनिळं होतं. पाव झाला, भात झाला..."

"तुम्हाला बरं माहीत!"

"तिनेच सांगितलं. माझं सूपही शाईसारखं झालं म्हणे. डॉक्टरांनी बटाटा बंद केलाय ना माझा? नुसत्या टोमॅटोचं आहे म्हणून गळ्याशपथ सांगत होतीस!"

"एखादी फोड घालते हो. नाहीतर घोटभर तरी प्यायला असता का?"

"म्हणजे करणार तू आणि साखर वाढली की बोलणी खाणार मी!"

"हळू बोला, लोक ऐकतायत."

शिंप्याने पेपर आणखी वर केला.

"ऐकू देत! चांगली रंगेहाथ सापडलीस."

"सापडले, कबूल. पण तिने तुमच्या खिशातल्या रुमालावरही थेंब टाकला. तोही काळानिळा झाला."

"रुमालाला खळ असते, अगं. खळ म्हणजे पिष्टच."

"तुमचे रुमाल धुतं कोण?"

"तू."

"मी उभ्या जन्मात रुमालाला खळ केलेली नाही. बिस्किटं कुठून आणता?"

आजोबांनी हळूच खिसा चाचपला.

"बेकरीतून. सकाळी फिरायला जातो तेव्हा."

"उद्यापासून मीही येणार फिरायला."

"पहारा द्यायला?"

"अर्धं बिस्कीट खायला."