भिंतीकडे तोंड करून शुद्धलेखन

...आणि वर बाई मलाच म्हणतात, घरी जरा शुद्धलेखन घेत जा! आता तुम्हीच सांगा, घेत नाही का मी? रोज भांडी आवरली की आमचं शेंडेफळ स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी वही घेऊन बसतं, मी समोर बसते आणि एकेक शब्द सांगते. वेलांटी पहिली की दुसरी, उकार ऱ्हस्व की दीर्घ, पोरगी क्षणभर थांबते, वर बघते, खोडते, आणि बरोबर लिहिते. घरी दहापैकी दहा. मग शाळेत चार कसे?

मी तर देवापुढे बोलून बसले होते, शाळेत दहापैकी दहा पडेपर्यंत चहा घेणार नाही. दर शुक्रवारी परीक्षा. असे नऊ शुक्रवार गेले, तुम्हाला सांगते, कपाळ नुसतं ठणकत होतं, आणि सासूबाई नेमक्या माझ्यासमोर बसून बशीतून फुरके मारायच्या. म्हणायच्या, नवसानं वेलांट्या सुधारत असत्या तर शाळा कशाला काढल्या असत्या लोकांनी? श्रद्धा आहे माझी. पण डोक्यात तेच... घरी दहा, शाळेत चार कसे?

पेन्सिल बदलली. डोळे तपासून आणले. खिडकीजवळचा बाक मागून घेतला, तर त्या शुक्रवारी तीनच.

शेवटी आमच्या ह्यांनी पकडलं. हे घड्याळं दुरुस्त करतात, बोलणं कमी, बघणं फार. त्या दिवशी पाणी प्यायला आले आणि पेला हातात धरून दारातच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "अगं, ती वहीत बघून लिहीतच नाहीये. तुझी डावी भुवई बघून लिहितेय."

माझी भुवई? मी पोरीकडे बघितलं. तिला त्यात काही विशेष वाटलंच नाही.

"हो ना. मी चुकले की तू श्वास घ्यायची थांबतेस. फारच चुकलं तर ओठ पण आवळतेस." मग जरा विचार करून म्हणाली, "बाई तर हलतच नाहीत."

घ्या! म्हणजे इतके दिवस अभ्यास झाला तो माझ्या तोंडाचा.

दुसऱ्या दिवसापासून मी भिंतीकडे तोंड करून बसले. पहिल्या दिवशी घरीही चार. चला, घर आणि शाळा निदान एकमतावर आली. पाठीमागे पेन्सिल थांबली की माझी मान वळायला बघायची, मी पदर तोंडात धरायची, नामस्मरण करायची... आणि मागून आवाज, "आई, तुझे खांदे वर गेले." मग खांद्यांवर शाल घेतली. पण हळूहळू पोरगी स्वतःशी पुटपुटायला लागली, स्वतःच खोडायला लागली. पाच, सात, आठ. मी बाईंनाही जाऊन सगळी हकीकत सांगितली, त्या पोट धरून हसल्या.

आणि परवाच्या शुक्रवारी शाळेत दहापैकी दहा! मी हात जोडले, चहा टाकला, आलेली वाफ डोळे मिटून घेतली, कप ओठाला लावणार, तेवढ्यात शेंडेफळ म्हणालं, "नऊ माझे मीच लिहिले. दहाव्याला ना, बाई हलल्या."

आता काय करायचं? देवाला काय सांगायचं? आणि बिचाऱ्या बाईंना तरी काय बोलायचं, मीच त्यांना भुवयांचं सांगून आलेले. मग मोजून नऊ घोट घेतले आणि दहावा तसाच ठेवला, येत्या शुक्रवारासाठी देवाच्या नावानं.

सासूबाईंनी कप वाकवून बघितला. "नवस तुझा आहे, माझा नाही," म्हणाल्या, आणि गट्ट केला.

मी गुपचूप भिंतीकडे तोंड केलं.