शेवंताच्या आईचं लुगडं

तंबूचं नाव काढलंत ना, मग हे ऐकाच. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. कळव्याच्या माळावर मी शाळेच्या गाइड पथकातल्या मुलींना तंबू ठोकायला शिकवत होते. तंबूचं कापड कुठलं मिळायला! त्यातल्या शेवंतानं घरून हिरवं लुगडं आणलं, त्याचाच तंबू उभा केला. लुगडं आईला न विचारता आणलं, हे मला मागाहून कळलं.

भर दुपारी तिची आई तणतणत आली. "बाई, पोरींना उघड्यावर राहायला शिकवता? तेही माझ्या लुगड्यात? शेवंते, चल घरी! उद्यापासून हे बंद."

मी म्हटलं, "आधी आत बसून तर बघा."

ती वाकून आत शिरली. खाडीवरचा वारा येत होता, लुगडं हलत होतं आणि तिच्या तोंडावर हिरवा उजेड पाण्यासारखा डुलत होता. ती वर बघत राहिली. मग हळूच आडवी झाली.

बऱ्याच वेळानं शेवंतानं भीतभीत विचारलं, "आई, घरी जायचं ना?"

आतून सावकाश उत्तर आलं, "बाईंनी तीन दगडांवर भात शिकवलाय ना तुला? घरी तर चांगली चूल आहे. जा, भात टाक. मी राहते इथं."