ठरावाला अनुमोदन

प्रयोगशाळेतून घरी निघालेली ती बसमध्ये खिडकीशी बसली होती. पुढच्या बाकावर जर्मनचे वयस्क प्राध्यापक आणि त्यांच्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या बाई बसल्या होत्या. दोघं कोण, हे तिला त्यांच्या बोलण्यावरूनच कळलं.

"सर, आज विद्यापीठाच्या सभेत परकीय भाषेची सक्ती गेली म्हणे?"

"गेली. पदवीसाठी आता जर्मन घेतलं काय, न घेतलं काय, सारखंच."

"आणि ठरावाला अनुमोदन दिलं कुणी? कोण तो घरभेदी?"

"मी."

"काहीतरीच काय!"

"वीस वर्षं मीच देतोय, बाई. बाकीचे मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. मग अध्यक्ष माझं नाव घेतात."

"पण ठराव वाचला नव्हता का तुम्ही?"

"वाचला होता. विरोधाचं भाषणही लिहून नेलं होतं. चार पानं. ही काय, खिशातच आहेत."

"अहो, मग?"

"त्या सभागृहात माझं नाव एरवी कुणी घेत नाही. नाव ऐकलं आणि हात आपोआप वर गेला."

"धन्य आहे तुमची! आता विभागात उरलं कोण?"

"मी आणि शिपाई. तोही पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय."

तिचा थांबा मागे पडला. ती मागच्या बाकावर ऐकतच बसली.

"असं सोडायचं नाही, सर. पुढच्या सभेत फेरविचार मागा."

"मागेन की. पण त्यालाही अनुमोदक लागतो."

"मी देते अनुमोदन!"

"तुम्ही सभेच्या सदस्य नाही, बाई."

"हो, तेही खरंच."

"पण ते अनुमोदनाचं पुन्हा एकदा म्हणा बघू."