नळीतलं पहिलं रक्त

डॉ. ऐश्वर्या : थांब रुचिता! ते इन्सुलिन देऊ नकोस.

रुचिता : मॅडम, दगडूआजोबांची शुगर सहाशे आलीये. तुम्हीच फोनवर सांगितलेलं, ग्लुकोजची बाटली बंद कर आणि इन्सुलिन दे.

डॉ. ऐश्वर्या : सांगितलेलं. पण तेव्हा मी पेशंट बघितला नव्हता. हे बघ, दरदरून घाम फुटलाय. हाक मारली तर ओ देत नाहीयेत. रक्त कुठून घेतलेलंस?

रुचिता : मानेच्या लाईनमधून. हाताला शीर सापडतच नाही त्यांच्या.

डॉ. ऐश्वर्या : म्हणजे ग्लुकोज जात होतं त्याच नळीतून. पहिलं रक्त ओढून टाकलंस ना?

रुचिता : मॅडम...

डॉ. ऐश्वर्या : टाकलंस की नाही?

रंगूबाई : तिला नका बोलू डाक्टरीणबाई. मीच तिचा हात धरला.

डॉ. ऐश्वर्या : तुम्ही? का पण, आजी?

रंगूबाई : का म्हंजे? रोज सिरिंज भरून रगत काढायचं आन डब्यात फेकायचं! माझ्या म्हाताऱ्याच्या अंगात उरलंय किती? खडवलीवरनं पुतण्या आला, त्यानं रगत दिलं, ते चढवलं. आन तुम्ही तेच कचऱ्यात घालता? जीव तुटतो ओ माझा. म्हटलं, पोरी, पाया पडते, आज टाकू नको.

रुचिता : रडायला लागल्या, मॅडम. मला वाटलं, एकदा नाही टाकलं तर काय होतंय!

डॉ. ऐश्वर्या : अगं, नळीतलं ग्लुकोज मिसळलं त्यात! लॅबने आपल्या बाटलीतली साखर मोजली. बोटातून घे. आत्ताच्या आत्ता.

(रुचिता बोटाला सुई टोचते. तिघी छोट्या मशीनकडे बघत राहतात.)

रुचिता : मॅडम, अडतीस.

डॉ. ऐश्वर्या : ग्लुकोज दे, पटकन! बाटली परत चालू कर.

रंगूबाई : काय झालं? सांगा की कुणीतरी!

डॉ. ऐश्वर्या : ग्लुकोज बंद केल्यावर साखर पार उतरलीये, आजी. त्यावर हे इन्सुलिन गेलं असतं, तर आजोबा हाती लागले नसते.

रंगूबाई : अगं बाई! म्हंजे मी माझ्या हातानं...

डॉ. ऐश्वर्या : एकट्या तुम्ही नाही. ही तुमचं ऐकून बसली, आणि मी फोनवर आकडा ऐकून मोकळी झाले.

रुचिता : मॅडम, डोळे उघडले! आजोबा, ऐकू येतंय का?

रंगूबाई : अवो, बघा की माझ्याकडं... काळ आला व्हता गं पोरी, पन वेळ आली नव्हती.

डॉ. ऐश्वर्या : आजी, रक्त वाया न घालवणारा सेट असतो. पहिलं रक्त बाजूला ओढून ठेवायचं, मग चांगलं घ्यायचं, आणि बाजूचं परत अंगात सोडायचं. डोंबिवलीच्या सप्लायरकडून मागवलाय, उद्या येईल.

रंगूबाई : आन आज?

डॉ. ऐश्वर्या : आज लॅबला पुन्हा पाठवावं लागेल. जुन्याच पद्धतीने.

रुचिता : आजी, पहिलं टाकावं लागेल हो. करू ना?

रंगूबाई : टाक पोरी. मी भिंतीकडं तोंड करून बसते.